उजव्या मनगटाची खाज

कोपरी, ठाणे पूर्व
६ जानेवारी २०२६

चि. संचिता,

पाकीट फोडल्यावर तू आधी खाली सही शोधशील, म्हणून वरच सांगतो. मी तानाजी, तुझ्या आजोबांचा मावसभाऊ. डोंबिवलीला सान्वीच्या लग्नात तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होतीस. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर बाकीचे जसे कानात ओरडतात तशी तू ओरडली नाहीस. पेन काढलंस आणि आहेराच्या रिकाम्या पाकिटावर लिहून बोललीस. ते पाकीट मी घरी आणलं. त्यावर तुझा टिटवाळ्याचा पत्ता आहे आणि तुझ्या अक्षरात हे आहे: "हे स्वप्न आहे असं स्वप्नातच कळू शकतं, आजोबा. शिकता येतं. मी शिकलेय."

मला शिकायचं आहे. वय चौऱ्याहत्तर, शाळा सातवीपर्यंत, तेव्हा सोपं करून लिही. मोबाइलवर पाठवू नकोस. मोबाइल माझ्या मुलाचा, रतनचा. आधी तो वाचेल, मग सून दर्शना, मग मी.

मला वर्षानुवर्षं एकच स्वप्न पडतं. डोंबिवलीच्या कंपनीत मी बॉयलरपुढे उभा आहे. समोर पाण्याची काच आहे. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते दाखवणारी उभी नळी असते, तिला आम्ही काच म्हणायचो. ती बघायला मी वाकतो आणि जाग येते. काचेत पाणी आहे की नाही ते अजून एकदाही दिसलेलं नाही. मला ते बघायचंय. कशासाठी ते विचारू नकोस.

तू लिहिलं होतंस की पहाटे जाग आली की परत आडवं व्हायचं, शरीराला झोपू द्यायचं, मनाला जागं ठेवायचं आणि अजिबात हलायचं नाही. पंधरा दिवस करतोय. माझं उलटं होतं. मन झोपतं आणि शरीर जागं राहतं. पडल्या पडल्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. मग टाचेला. तोंडात लाळ साठते. ती गिळावी की नाही कळत नाही, कारण गिळणं म्हणजे हलणंच ना? नुकता जाऊन आलेलो असलो तरी परत लघवीला लागते. आमचं घर रुळांना लागून आहे. मालगाडी गेली की मला ऐकू येत नाही, पण पलंगाला येतं.

हे सगळ्यांनाच होतं की माझ्यातच काही बिघाड आहे? शिवाय टिटवाळ्यात इतक्या इमारती झाल्यात, पोस्टमनला तुमची बी विंग सापडेल का याचीही काळजी आहे. पोचलं तर दोन ओळी लिही. न पोचलं तर काय लिहिणार म्हणा.

तुझा
तानाजी आजोबा


टिटवाळा
१४ जानेवारी २०२६

तानाजी आजोबा,

पोचलं. पोस्टमनकाकांनी खाली वॉचमनला विचारलं, "ही संचिता कोण, हिला पत्र कोण लिहितंय?" त्यामुळे आता सगळ्या विंगला माहीत झालंय. आई म्हणाली, "कल्याणच्या लॅबमधला कोणी असेल तर सरळ सांग." मी म्हटलं, आहे, चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे.

तुमच्यात काही बिघाड नाही. झोपण्याआधी शरीर मनाला हाक मारून बघतं, जागा आहेस का म्हणून. खाज म्हणजे ती हाक. तुम्ही ओ दिलीत की संपलं, परत पहिल्यापासून. मी शिकत होते तेव्हा डावा कान इतका खाजायचा की मला वाटायचं आत मुंगी गेलीय.

लाळ बिनधास्त गिळा. संध्याकाळी सातनंतर पाणी कमी प्या. टाचेखाली मऊ फडकं ठेवा. खाजेशी भांडू नका, भांडलं की ती वाढते. तिच्याकडे नुसतं बघा. कुठून सुरू झाली, केवढी आहे, सरकते का. वीस श्वासांत निघून जाते.

लग्नात तुम्ही सांगितलेलं की बॉयलरवर दर अर्ध्या तासाला वहीत नोंद करायचात. तेच करा की. खाज आली, मनातल्या मनात नोंद: नाक. पुढे. उठल्यावर खऱ्या वहीत लिहा.

आणि एक सवय दिवसभर लावा. घड्याळ किंवा पाटी दिसली की दोनदा बघायची. स्वप्नात दुसऱ्यांदा बघितलं की आकडे, अक्षरं बदललेली असतात. बदललं की समजायचं, हे स्वप्न आहे.

तुमची
संचिता

ता.क. तुम्ही काय शिकताय ते आजीला सांगितलं नाहीये. पत्र आलंय एवढंच तिला माहीत आहे. म्हणाली, "लग्नात माझ्याकडे पाठ करून बसले होते. एक शब्द नाही." मी म्हटलं, अगं त्यांना ऐकू येत नाही. तर म्हणते, "बघता तर येतं ना?"


कोपरी
२७ जानेवारी २०२६

चि. संचिता,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. आज सकाळी मला चार मिनिटं लकवा झाला होता.

सविस्तर सांगतो. तू म्हणालीस तशी वही केली. दर्शनाची किराणा लिहायची जुनी वही आहे, मागच्या बाजूने सुरू केली. त्यातलं थोडं उतरवतो.

मंगळवार. नाक, डावी टाच, लाळ, उजवं मनगट. उठलो.
बुधवार. पोट, मालगाडी, नाक, उजवं मनगट. उठलो.
शुक्रवार. पाठ, डास (खरा), उजवं मनगट. उठलो.

घड्याळ दोनदा बघण्याचं मला नवीन नाही. आम्ही काटा दोनदाच बघायचो. एकदा बघितलं ते बघितलं नाही, असं शिवराम सांगायचा, तुझे आजोबा.

आज पहाटे सगळं ओळीने आलं आणि गेलं. नाक गेलं, टाच गेली. हात ओल्या पोत्यासारखे जड झाले. आणि मग मला ऐकू आलं. संचिता, मला वीस वर्षांत यंत्र लावूनही धड काही ऐकू आलेलं नाही. आज मला बॉयलरची घरघर ऐकू आली. अगदी कानाशी. मी इतका दचकलो की उठायला गेलो, तर उठता येईना. डोळे उघडे, समोर पंखा दिसतोय, हात हलत नाही, तोंड उघडत नाही. रतनला हाक मारतोय आणि आवाज निघत नाही. तेवढ्यात दर्शना चहा घेऊन आली आणि मला तसा बघून तिने कप टाकला.

डॉक्टर घरी आले. दाब मोजला, हातपाय वाकवून बघितले, पाटीवर लिहिलं, "काही झालेलं नाही." दर्शनाला मी थोडंसं सांगितलं, म्हणजे सांगावंच लागलं. ती हातवारे करून करून बोलली. तिचे ओठ मला वाचता येतात. "बाबा, या वयात माणसं भजन शिकतात. तुम्ही मरायची प्रॅक्टिस करताय."

हे चालू ठेवू की बंद करू? मनगटाचं तेवढं जमत नाही, ती खाज जुनी आहे, जागेपणीही येते. तिथे खाज आली की हात आपोआप जातो आणि सगळं मोडतं.

तानाजी आजोबा


टिटवाळा
४ फेब्रुवारी २०२६

तानाजी आजोबा,

माझं चुकलं. हे आधीच सांगायला हवं होतं. तो लकवा नव्हता. झोपेत शरीर स्वतःला कुलूप लावून घेतं, नाहीतर स्वप्नात धावताना आपण पलंगावरून पडलो असतो. कधी कधी मन आधी जागं होतं आणि कुलूप तसंच राहतं. तेवढा वेळ घाबरायचं नाही. हाताची करंगळी हलवायचा प्रयत्न करायचा, सुटतं. माझ्या पहिल्या वेळी मी मेले असंच समजून आईची माफी मागितलेली मनात.

आणि तो आवाज म्हणजे स्वप्न सुरू होतानाचा आवाज. तुम्ही दारात पोचला होतात, आजोबा.

तरी रतनकाकांना सगळं सांगा. दाब वगैरे वाढला तर ताबडतोब बंद.

आता माझं एक. काल आजी तांदूळ निवडत होती. मी सहज बोलले की तानाजी आजोबांना अजून बॉयलरचं स्वप्न पडतं. तिचा हात सुपात तसाच राहिला. म्हणाली, "कुठल्या दिवसाचं?" मी म्हटलं, मला काय माहीत. तर उठून आत गेली. तांदूळ शेवटी मी निवडले.

माझे आजोबा कंपनीत अपघातात गेले, एवढंच मला ठाऊक आहे. घरात कोणी त्यावर बोलत नाही. तुमचं स्वप्न कुठल्या दिवसाचं आहे?

संचिता


कोपरी
१३ फेब्रुवारी २०२६

चि. संचिता,

तुझं पत्र आठ दिवस उशीखाली ठेवलं. आता लिहितो. लपवलं ते सांगतो. वाचून झाल्यावर तू परत लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

स्वप्न १९८८ च्या फेब्रुवारीतल्या एका सकाळचं आहे. त्या सकाळी तुझे आजोबा भाजले आणि तिसऱ्या दिवशी गेले.

शिवराम माझ्याहून चार वर्षांनी मोठा. गावी शाळेत माझ्या वाटच्या छड्या त्याने खाल्ल्यात. विहिरीत दोर मी टाकला तर "मी टाकला" म्हणून पुढे झालेला. कंपनीत मला त्यानेच लावलं. आम्ही दोघं बॉयलरवर होतो, एक सुटला की दुसरा यायचा.

त्या दिवशी माझा बदली माणूस आला नव्हता, म्हणून दुपारी तीनला लागलेला मी सकाळपर्यंत उभा होतो. सोळा तास. सातला शिवराम येणार. पाळी बदलताना एक काम असायचं. काचेखालची तोटी उघडून काचेतलं पाणी सोडायचं. तोटी बंद केली की पाणी परत झटकन चढलं पाहिजे. चढलं तर काच खरं बोलतेय. नळीत गाळ अडकला असेल तर काच अर्धी भरलेली दिसते आणि आत बॉयलर कोरडा असतो. हे बघून मगच वहीत सातची सही करायची.

पण आमच्यात एक वाईट पद्धत होती. सातची सही सगळे पावणेसातलाच करून ठेवायचे, म्हणजे भोंगा झाला की निघता येतं. त्या दिवशी मीही केली. सही केल्याचं मला आठवतं. पेन गळत होतं तेही आठवतं. काच बघितली का, ते आठवत नाही. तोटी उघडली का, आठवत नाही. त्यानंतर एकदम गेटच्या बाहेरचा रस्ता आठवतो.

मी घरी येऊन झोपलो. दिवसभर झोपलो. संध्याकाळी उठवून सांगितलं की सव्वासातला बॉयलर कोरडा पडून फुटला आणि वाफ शिवरामच्या अंगावर आली. तो भाजत होता तेव्हा मी घोरत होतो.

चौकशीत यंत्राचा दोष निघाला. मला कोणी काही विचारलं नाही, कारण वहीत माझी सही बरोबर होती. इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. स्मशानात मागे उभा राहिलो. तुझे बाबा तेव्हा सहावीत, डोकं केलेलं. तुझ्या आजीच्या, तुळसावहिनींच्या घराची पायरी त्यानंतर चढलेलो नाही.

मला काच बघायची आहे ती यासाठी. पाणी होतं की नव्हतं. माझं वय झालंय. माझ्या हातून माणूस गेला की नाही एवढं कळून जायचंय.

वहिनींना यातलं सांगू नकोस. तेवढं माझं ऐक.

तानाजी


टिटवाळा
२ मार्च २०२६

तानाजी आजोबा,

पंधरा दिवस लिहिलं नाही. तीन पत्रं लिहून फाडली.

मला धक्का बसलाय आणि तो अजून गेलेला नाही. मी एका माणसाला नाकावरची खाज कशी सोसायची ते मजेत शिकवत होते. तो माणूस माझ्याच आजोबांच्या मरणाच्या जागी परत जायला बघत होता आणि मला पत्ताच नव्हता. लॅबमध्ये नमुन्यांवर चिठ्ठ्या लावताना दोनदा चुकले. मला राग आलाय, पण तुमचाच का ते सांगता येत नाही. आजोबांचा मी फक्त भिंतीवरचा फोटो बघितलाय. छड्या खाणारा मुलगा मला तुमच्या पत्रात पहिल्यांदा भेटला.

मी विचार करून सांगतेय, नीट वाचा. तुम्हाला काचेत काहीही दिसलं तरी तो पुरावा नाही. मीच तुम्हाला शिकवलं ना, स्वप्नातलं दुसऱ्यांदा बघितलं की बदलतं? पाणी दिसलं म्हणून सुटलात असं नाही आणि नाही दिसलं म्हणून अडकलात असंही नाही. काचेसाठी जाणार असाल तर जाऊ नका.

पण तुमच्या नोंदी परत वाचल्या. नाक, टाच, पोट रोज बदलतात. उजवं मनगट रोज आहे आणि रोज शेवटी आहे. बाकीच्या हाका शरीराच्या असतील. ही मला तशी वाटत नाही. जायचंच असेल तर काच सोडा. खाज आली की मनगटाकडे बघा.

आजीला सांगितलेलं नाही.

संचिता


कोपरी
९ मार्च २०२६

चि. संचिता,

बघितलं. आज पहाटे. रतनला खाली बसवून सगळं सांगितलंय, तो आज कामावर गेलेला नाही, समोर बसून मला लिहिताना बघतोय. म्हणजे तू काळजी करू नकोस.

नाक आलं, गेलं. टाच आली, गेली. मालगाडी गेली. मग घरघर सुरू झाली आणि या वेळी मी दचकलो नाही, करंगळीही हलवली नाही. घरघर वाढत वाढत मी तिच्यात उभा राहिलो. पायाखाली लोखंडी जाळी. तेलाचा वास. भिंतीवर घड्याळ, पावणेसात. परत बघितलं, दोन वाजून दहा मिनिटं. मला कळलं की मी कोपरीत झोपलोय आणि इथे उभाही आहे.

तू नको म्हणाली होतीस तरी मी काच बघितली. अडतीस वर्षं थांबलेला माणूस बघणारच. अर्धी भरलेली होती. परत बघितलं. कोरडी, तळाला तांबडा गाळ. परत बघितलं. काठोकाठ. तू म्हणालीस तेच झालं. मला तिथेच रडू फुटलं.

आणि मग मनगट खाजायला लागलं. तू सांगितलं होतंस म्हणून हात नेला नाही, नुसतं खाली बघितलं.

माझ्या मनगटावर हात होता. उजव्या अंगठ्याचं नख अर्धं तुटलेलं. ते नख मी कुठेही ओळखेन, गावी पाट्याखाली सापडून तसं झालेलं. संचिता, शिवराम माझं मनगट धरून उभा होता. घट्ट. खाज म्हणून मी जे अडतीस वर्षं खाजवतोय ती त्याची बोटं होती.

तो मला ओढत होता. काचेपासून लांब. तोंडाने काही बोलत होता, पण घरघरीत कळेना. मला त्याला सांगायचं होतं, काच, काच बघायची राहिलीय. तोंड उघडेना. मिटलेलंच. जाळीवरून, दारातून, गेटपर्यंत तो मला तसाच घेऊन गेला आणि गेटवर हात सोडला. सोडला तिथे जाग आली. उशी ओली होती.

हे खरं घडलं होतं का? तू म्हणतेस पुरावा नाही. मग हे नख कुठून आलं? लवकर लिही.

तानाजी


टिटवाळा
१६ मार्च २०२६

तानाजी आजोबा,

मी तुमचा शब्द मोडला. आधी ऐका, मग रागवा.

तुमचं पत्र आलं तेव्हा आजी दारातच बसली होती. माझं तोंड बघून म्हणाली, "बाय, काय झालं त्यांना?" मी काही वाचून दाखवलं नाही. फक्त विचारलं, आजी, आजोबा इस्पितळात तानाजी आजोबांबद्दल काही बोललेले का?

ती उठली. माझं उजवं मनगट तिने गच्च धरलं. म्हणाली, "असं धरून त्याला बाहेर काढला, म्हणाले. उभ्या उभ्या झोपला होता. डोळे उघडे नि माणूस आत नाही."

मी तेव्हा पाकीट उघडंच हातात धरून उभी होते. तुमच्या पत्रातला एक शब्दही तिला माहीत नव्हता. मी खाली बसले. ती थांबली नाही. जशी बोलली तसं लिहिते.

"भावजी जाताना सांगून गेले होते, काच बघायची राहिलीय म्हणून. हे म्हणाले, बघतो, तू निघ. गेटवर सोडून आले नि चहा प्यायला बसले. दहा मिनिटं. तेवढ्यात झालं. दुसऱ्या दिवशी शुद्ध होती, तेव्हा मला सगळं बोलले. 'तान्या सांगून गेला होता गं, मीच बसलो' म्हणाले. दोनदा म्हणाले."

मी विचारलं, मग तू हे कोणालाच का नाही सांगितलं?

"कोणाला सांगू? माणूस गेला तो गेला, वर लोकांनी म्हणायचं त्याचीच चूक? तुझ्या बापाला शाळेत पोरांनी म्हणायचं? वाटलं, भावजी येतील तेव्हा त्यांच्या कानात सांगेन. नाही आले. वर्ष गेलं. मग मला राग आला. त्यांना वाटतंय त्यांच्यामुळे झालं, हे मला कळत होतं. स्मशानात त्यांचं तोंड बघितलं होतं मी. म्हटलं, वाटू दे. मला झोप नाही ना, मग आणखी कोणीतरी झोपेवाचून राहू दे."

आजोबा, माझी आजी गल्लीतल्या मांजराला पावसात घरात घेते. ती हे बोलली. मग तुमची सगळी पत्रं तिला वाचून दाखवली, पहिल्यापासून. खाजेच्या नोंदीसुद्धा. मध्ये एकदा पदर तोंडाला लावला, बाकी काही नाही. शेवटी म्हणाली, "त्यांना लिही. जसं बोलले तसं लिही. गोड करू नकोस."

लिहिलं.

संचिता


कोपरी
२३ मार्च २०२६

चि. संचिता,

हे पत्र तुझ्या आजीसाठी आहे. तू वाचून दाखव. आत्ताच दाखव. मी येईपर्यंत थांबू नकोस, माझ्यासमोर ते कोणी वाचायला नको.

तुळसावहिनी,

पत्र उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर दर्शनाने खांदे धरून मला खुर्चीत बसवलं, एवढं कळलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. मला वाटलं होतं, असं काही कधी कळलं तर छातीवरचा दगड उतरेल. तसं झालं नाही. उलट एवढा मोठा आवाज होऊन सगळं गप्प व्हावं तसं झालंय. रतन म्हणतो, "बाबा, तुम्ही सुटलात." तो लहान आहे. म्हणजे अठ्ठेचाळीसचा आहे, पण लहान आहे.

तुम्ही मला झोपेवाचून ठेवलंत याचा मला राग यायला हवा होता. चार दिवस वाट बघितली, आला नाही. मी आलो असतो तर तुम्ही पहिल्याच वर्षी सांगितलं असतंत. पायरी मी चढलो नाही.

पण वहिनी, एक गोष्ट मला सोडत नाही, ती सांगितल्याशिवाय मी तुमच्या दारात येऊ शकत नाही. स्वप्नात शिवरामने मनगट धरलं, ते खरं निघालं. तुम्हाला त्याने तसंच सांगितलं होतं. मग त्याच स्वप्नात माझं तोंड मिटलेलं होतं, ते खोटं कसं धरू? काच बघायची राहिलीय, हे मी त्याला बोललो असं मला आठवत नाही. जागेपणी आठवत नाही आणि तिथेही बोलता आलं नाही. सोळा तास उभा राहून झोपलेला माणूस कुठून बोलणार?

आणि शिवराम कसा होता हे आपल्या दोघांना माहीत आहे. विहिरीतला दोर त्याने टाकला नव्हता. गुरुजींनी विचारलं तेव्हा "मीच" म्हणून दोनदा म्हणाला होता. तुमच्यापाशीही दोनदा म्हणाला. मरताना त्याने माझ्या वाटची आणखी एक छडी खाल्ली असेल. नसेलही. तुम्ही त्याची चूक मानून अडतीस वर्षं तोंड मिटलंत. मी माझी मानून काढली. आता कोणाला विचारणार? काच फुटली, वही कंपनीबरोबर गेली, बघणारे दोघंच होतो.

संचिता म्हणते, स्वप्न पुरावा देत नाही. मला वाटतं जागेपणही देत नाही. तिच्याबद्दल तक्रार नाही. पोरीने मला नाकाच्या खाजेपासून गेटपर्यंत नेलं.

या रविवारी सकाळी येतो. रतन सोडायला येणार आहे, मी नको म्हटलं तरी. मोठ्याने बोलायचे कष्ट घेऊ नका, माझे कान त्याच बॉयलरने नेले. ओठ वाचता येतात. या वेळी तोंड तुमच्याकडे करून बसेन.

पहाटेचं पडून राहणं बंद केलंय. वहीही दर्शनाला परत दिली. मनगट तेवढं अजून खाजतं. कालही जेवताना खाजलं. दर्शना म्हणाली, "बाबा, मलम लावू?" नको म्हटलं. डावा हात मांडीवरच ठेवतो, तिकडे नेत नाही. खाजवलं तर त्याचा हात सुटेल.

तानाजी